विच्छेदनाची वही : पाहिलेले आणि वाचलेले

प्रास्ताविक

आयुर्वेदाच्या पदवी अभ्यासक्रमात रचना शारीर हा विषय शिकताना प्रत्येक विद्यार्थ्यास प्रात्यक्षिकाची वही, म्हणजे जर्नल, लिहावे लागते. डाव्या पानावर आकृती, उजव्या पानावर वर्णन आणि खाली अध्यापकांची सही, अशी तिची सर्वपरिचित रीत आहे. परीक्षेपूर्वी ती पूर्ण करावयाची, परीक्षकांपुढे ठेवावयाची आणि पुढे माळ्यावर टाकून द्यावयाची, हेही तितकेच परिचित आहे. अशा वहीवर चिकित्सकांच्या त्रैमासिकात लेख कशासाठी, असा प्रश्न वाचकांस पडणे स्वाभाविक आहे. तथापि या वहीच्या लेखनातील एका दोषाची किंमत आमच्या एका रुग्णास द्यावी लागली. त्या अनुभवातून आम्ही जे शिकलो ते वैद्यवर्गापुढे व औषधनिर्मात्या बंधुभगिनींपुढे ठेवणे आम्ही कर्तव्य समजतो.

एक चूक

सुमारे पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. वर्धा जिल्ह्यात सोयाबीनची सोंगणी ऐन भरात होती. एक शेतमजूर भगिनी डाव्या हाताच्या अनामिकेस विळा लागल्याने आमच्याकडे आली. मधल्या पेराच्या तळव्याकडील बाजूस, टोकाच्या सांध्याच्या किंचित अलीकडे, आडवी जखम होती. रक्तस्राव थांबवून आम्ही जखम धुतली आणि बोट वाकविण्यास सांगितले. बोट वाकले. बोट वाकते आहे, तेव्हा आतील काही तुटलेले नाही, असा निष्कर्ष काढून आम्ही त्वचा शिवली, धनुर्वाताची लस दिली आणि तिला घरी पाठविले.

जखम उत्तम भरली. मात्र पाच आठवड्यांनी कापूस वेचणी सुरू झाली, तेव्हा ती परत आली. बोंडातून कापूस ओढताना बोटाचे टोक वळत नव्हते. मधला सांधा वाकत होता, टोकाचा सांधा मात्र काठीसारखा सरळ राहत होता. शल्यतज्ज्ञांकडे पाठविले असता खोल कंडरा तुटून तिचे टोक तळहाताकडे मागे सरकल्याचे व सरळ जोड देण्याचा काळ निघून गेल्याचे निदान झाले. दुसरीकडील कंडरा घेऊन जोडण्याची मोठी शस्त्रक्रिया करावी लागेल, असे तिला सांगण्यात आले. हंगामात ते तिला शक्य नव्हते आणि पुढेही झाले नाही. त्या भगिनीचे बोट आजही तसेच आहे.

अंगठ्याखेरीज प्रत्येक बोटाला वाकविणाऱ्या दोन कंडरा असतात. वरवरची कंडरा मधल्या पेरावर संपते. तिचे दोन फाटे होतात आणि त्या फाट्यांमधून खोल कंडरा पुढे निघून टोकाच्या पेरापर्यंत जाते. मधल्या पेराच्या पुढील भागात जखम झाली तर केवळ खोल कंडरा तुटू शकते. अशा वेळी वरवरची कंडरा शाबूत असल्याने बोट मधल्या सांध्यात वाकतेच. म्हणून रुग्णाचा मधला सांधा आपल्या बोटांनी सरळ धरून फक्त टोक वाकविण्यास सांगावे. टोक वळले नाही तर खोल कंडरा तुटली आहे असे समजावे. वरवरच्या कंडरेसाठी इतर तिन्ही बोटे सरळ धरून जखमी बोट मधल्या सांध्यात वाकविण्यास सांगावे. या दोन्ही परीक्षांना मिळून अर्धे मिनिटही लागत नाही.

त्या रात्री आम्ही आमची पहिल्या वर्षाची वही शोधून काढली. दुभंगलेल्या कंडरेची आकृती तीत होती. ती रंगीत पेन्सिलींनी रेखीव काढलेली होती, नावे व्यवस्थित लिहिली होती आणि खाली सहीही होती. परंतु ती आकृती आम्ही आदल्या वर्षीच्या एका विद्यार्थ्याच्या वहीतून उतरविली होती, आणि त्यानेही ती बहुधा अशीच कोठून तरी उतरविली असावी. विच्छेदन कक्षातील टेबलाभोवती वीसेक विद्यार्थी होते आणि आम्ही तिसऱ्या रांगेत उभे होतो. ती रचना आमच्या वहीने पाहिली होती, आम्ही पाहिली नव्हती.

शास्त्राचा आदेश

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानाच्या पाचव्या अध्यायात मृतशोधनाचा विधी सांगितला आहे. सर्व अवयवांनी पूर्ण, विषाने अथवा दीर्घ व्याधीने न मेलेल्या, अतिवृद्ध नसलेल्या व्यक्तीचे शव घ्यावे. आंत्रातील मळ काढून ते मुंज, कुश, ताग इत्यादींनी गुंडाळावे, पिंजऱ्यात ठेवावे आणि संथ वाहणाऱ्या नदीत आडोशाच्या जागी कुजू द्यावे. सात रात्रींनंतर बाहेर काढून वाळ्याच्या वा बांबूच्या कुंच्याने हळूहळू घासत त्वचेपासून आतील सर्व अंगप्रत्यंगे डोळ्यांनी पाहावीत. प्रत्यक्ष पाहिलेले व शास्त्रात वाचलेले या दोहोंच्या मेळानेच ज्ञान वाढते, हा त्या प्रकरणाचा सिद्धान्त आहे. यात दोहोंना स्वतंत्र स्थान आहे. एकाचे दुसऱ्यात मिश्रण करावे, असे आचार्यांनी कोठेही सांगितलेले नाही.

त्याच अध्यायात स्नायूंविषयी एक महत्त्वाचे विधान आहे. अस्थी, पेशी, सिरा वा संधी यांच्या आघातापेक्षा स्नायूचा आघात शरीरास अधिक घातक ठरतो, असे आचार्य म्हणतात. सूत्रस्थानात स्नायुविद्धाची लक्षणे सांगताना तीव्र वेदना व उशिरा भरणारा व्रण यांच्या जोडीने क्रियेची असमर्थता हे लक्षण दिलेले आहे. म्हणजे जखमेची खोली पाहून न थांबता त्या अवयवाची क्रिया तपासावी, हे आम्हास शास्त्रानेच सांगितले होते.

येथे एका शब्दाचा खुलासा आवश्यक आहे. व्यवहारातील मराठीत स्नायू म्हणजे मांसाचा आकुंचन पावणारा भाग. संहितेत त्या भागास पेशी म्हटले आहे, तर स्नायू म्हणजे बांधून ठेवणारे तंतुमय बंध होत. स्नायूंचे प्रतानवती, वृत्त, पृथु व सुषिर असे चार प्रकार असून त्यांतील वृत्त म्हणजे गोल स्नायूंना कंडरा म्हणतात. आधुनिक मराठी पाठ्यपुस्तकांतही पेशी हा शब्द निराळ्याच, म्हणजे शरीराच्या सूक्ष्म घटकाच्या, अर्थाने रूढ आहे. त्यामुळे आपण कोणता शब्द कोणत्या अर्थाने वापरतो हे वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवावे.

मृत प्राण्यावरील अभ्यास

मानवी शव प्रत्येक वैद्यास पुन्हा पुन्हा उपलब्ध होत नाही. महाविद्यालयांना शव मिळण्याची तरतूद १९४९ च्या शरीररचनाशास्त्र अधिनियमाने केली आणि आता देहदानाची चळवळही तिला हातभार लावते. परंतु महाविद्यालय सोडल्यावर चिकित्सकाचा त्या टेबलाशी संबंध संपतो. अशा वेळी सुश्रुताचार्यांच्या योग्यासूत्रीय अध्यायाचे स्मरण होते. कोहळा, दुधी, काकडी यांवर छेदनकर्म, पाण्याने भरलेल्या चामड्याच्या पिशवीवर भेदनकर्म, केसाळ चामड्यावर लेखनकर्म आणि मृत जनावरांच्या सिरांवर वेधनकर्म, असा अभ्यास त्यांनी नेमून दिला आहे. म्हणजे मृत प्राण्याचे अवयव हे साधन आपल्या परंपरेस मान्य आहे.

वर्धा जिल्ह्यात हा विषय मांडताना अहिंसेचा विचार टाळता येत नाही. गांधीजींनी आपल्या आत्मकथेत नमूद केले आहे की, वैद्यकीय शिक्षणाची इच्छा व्यक्त करताच, वैष्णवांनी प्रेते फाडण्याच्या कामात पडू नये हे वडिलांचे मत ज्येष्ठ बंधूंनी त्यांना ऐकविले. ते १९३६ मध्ये ज्या शेगावात राहावयास गेले, त्याच आजच्या सेवाग्रामात १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी केली. तेथेही शरीररचना मृतदेहाच्या विच्छेदनातूनच शिकविली जाते. मृताचे विच्छेदन करणे आणि विच्छेदनासाठी जीव घेणे यांतील भेद येथे लक्षात घ्यावा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमांतील प्राण्यांचे विच्छेदन बंद करण्याचे निर्देश दिले, त्यामागेही हीच दृष्टी आहे. आमचा नियमही तोच आहे. विच्छेदनासाठी कोणताही प्राणी मारावयाचा नाही. खाटकाकडे आहारासाठी विकावयास आलेला अवयव तेवढा घ्यावयाचा.

बोकडाचा पाया

आमच्या दवाखान्यात आंतरवासितेसाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांसमवेत आम्ही बोकडाच्या पुढच्या पायाचे विच्छेदन करतो. पाये विकावयास ठेवताना खाटीक बहुधा केस भाजतात. भाजल्याने कातडी आक्रसते आणि खालचे बंध तिला चिकटतात, म्हणून न भाजलेला पाय आदल्या दिवशीच सांगून ठेवावा. पुढच्या पायाच्या ज्या सांध्यास लोक गुडघा म्हणतात तो वस्तुतः मणिबंध आहे. त्याखालची नळी म्हणजे तळहाताची दोन हाडे एकजीव होऊन बनलेले एकच हाड, आणि दोन खूर म्हणजे तिसऱ्या व चौथ्या बोटांची टोके. एवढे समजले की पाया आणि आपला हात यांचे नाते विद्यार्थ्यास चटकन उलगडते.

हातमोजे घालावेत, हाताला जखम असणाऱ्याने शस्त्र धरू नये आणि काम संपल्यावर हात व साधने नीट धुवावीत. शेळ्यामेंढ्यांपासून ब्रुसेलोसिससारखे रोग माणसास होऊ शकतात, हे विसरू नये. बर्फात ठेवलेला ताजा अवयव एकाच बैठकीत पुरा करावा, दवाखान्यात फॉर्मेलिनचा वापर करू नये.

नळीच्या मागील बाजूस मध्यरेषेवर फक्त त्वचेपुरता छेद घेऊन कातडी दोन्हीकडे उलटवावी. मऊ आवरण बाजूस करताच दोन कंडरा एकीमागे एक दिसतात. मागची ती वरवरची आणि तिच्या पुढची, हाडाच्या बाजूची, ती खोल. शस्त्राच्या मुठीच्या बोथट टोकाने त्या सुट्या करीत खाली जावे. नळीच्या खालच्या टोकाजवळ प्रत्येक कंडरेचे दोन्ही बोटांसाठी दोन भाग होतात. तेथे वरवरची कंडरा खोल कंडरेभोवती बाहीसारखी गुंडाळली जाते आणि खोल कंडरा त्या बाहीतून पुढे खुराच्या आतील हाडापर्यंत पोहोचते. मानवी बोटातील रचनेशी याचे साम्य उघड आहे.

यानंतर चिमट्याने एकेक कंडरा ओढावी. खोल कंडरा ओढली की खुराचे टोक वळते. आता तीच कंडरा खुराच्या थोडी वर कापावी आणि वरवरची ओढावी. पाय वाकतो, परंतु खुराचे टोक आपणहून वळत नाही. प्रथम हे पाहिले तेव्हा आम्हास त्या भगिनीच्या बोटाचे स्मरण झाले. बोट वाकत असूनही कंडरा तुटलेली असू शकते, ही गोष्ट पुस्तकातील दोन पानांनी जे करू शकली नाहीत ते एका ओढीने पटवून दिले.

वही कशी लिहावी

आम्ही अवलंबिलेली पद्धत पुढीलप्रमाणे आहे.

१) आरंभी दिनांक, वेळ, प्राणी, अवयव, डावा की उजवा, आणि वधापासून अंदाजे किती तास झाले, हे लिहावे. वधानंतर काही तासांत मांस आखडते, त्यामुळे वेळेची नोंद नसेल तर मृदू वा कठीण या वर्णनास अर्थ राहत नाही.

२) उजवे पान केवळ प्रत्यक्षासाठी राखावे. त्या पानावर लिहिताना पुस्तक मिटलेले असावे. कोणता छेद कोणत्या क्रमाने घेतला आणि त्यानंतर काय दिसले ते तेथेच, टेबलाजवळ, लिहावे. घरी जाऊन आठवणीने लिहू नये. कागदास डाग पडला तरी चालेल.

३) आकृती साध्या पेन्सिलीने काढावी व शेजारी मोजपट्टीने घेतलेली लांबी-रुंदी लिहावी. नाव माहीत नसल्यास क्रमांक द्यावा. चुकीच्या नावापेक्षा क्रमांक बरा.

४) वर्णनासाठी सुश्रुताचार्यांनी पेशींना दिलेली विशेषणे वापरावीत : बहल, पेलव, स्थूल, अणु, पृथु, वृत्त, ऱ्हस्व, दीर्घ, स्थिर, मृदू, श्लक्ष्ण आणि कर्कश. अनुक्रमे पुष्ट, विरळ, जाड, बारीक, पसरट, गोल, आखूड, लांब, घट्ट, मऊ, गुळगुळीत व खरखरीत असे त्यांचे स्थूल अर्थ घेता येतात. ही बारा विशेषणे पाठ असली की विद्यार्थी काय पाहावे याचीच शिकवण घेतो.

५) प्रत्येक पेशी वा कंडरा ओढून पाहावी आणि कोणता सांधा कोणत्या दिशेने हलला ते लिहावे. क्रियेचा हा रकाना रिकामा असेल तर ते विच्छेदन अपुरे समजावे.

६) डावे पान शास्त्रासाठी. काम संपल्यावर ग्रंथ उघडून तेथे वेगळ्या शाईने ग्रंथोक्त वर्णन लिहावे. दोन्ही पाने जुळली नाहीत तर उजव्या पानास हात लावू नये. विसंगती खाली स्वतंत्रपणे नोंदवावी.

७) दुरुस्ती करताना मूळ अक्षरे वाचता येतील अशी एकच रेघ मारावी आणि शेजारी सही व दिनांक घालावा. खाडाखोड, पांढरी शाई व पान फाडणे वर्ज्य समजावे.

गणनेचा प्रश्न

सुश्रुताचार्यांनी पेशींची संख्या ५०० सांगितली आहे. त्यांपैकी ४०० शाखांत, ६६ कोष्ठात आणि ३४ ग्रीवेच्या वर. स्त्रियांमध्ये त्यांनी २० अधिक मानल्या आहेत. आधुनिक शारीरात ही संख्या सामान्यतः ६०० हून अधिक सांगतात. यावरून आमच्या सभा-संमेलनांत अनेकदा वाद होतो. एक पक्ष संहितेस अपूर्ण ठरवितो, तर दुसरा आधुनिकांची यादी ओढूनताणून ५०० वर आणतो.

एकदा आम्ही बोकडाच्या मागच्या पायाच्या पोटरीचे विच्छेदन केले आणि तिघा विद्यार्थ्यांस, परस्परांस न विचारता, टाचेकडे जाणाऱ्या पेशी मोजण्यास सांगितले. वहीत एकाने एक, दुसऱ्याने दोन व तिसऱ्याने तीन पेशी लिहिल्या. तिघांनीही प्रामाणिकपणे पाहिले होते. पोटरीच्या मुख्य पेशीला दोन शिरे असतात. पहिल्याने ती एक धरली, दुसऱ्याने दोन. तिसऱ्याने त्या दोन शिरांमध्ये दडलेली, खुराकडे जाणाऱ्या वरवरच्या कंडरेची पेशीही शोधून काढली. एकाच पोटरीच्या तीन गणना निघाल्या, कारण पेशी कोणत्या घटकास म्हणावयाचे याची व्याख्या आधी ठरविलेली नव्हती. संख्येवरून वाद घालण्यापूर्वी प्रत्येक पक्षाने आपली व्याख्या सांगावी, एवढा बोध त्या तीन पानांनी आम्हास दिला. एकमेकांची वही पाहून तिघांनीही तीनच लिहिले असते तर तो मिळाला नसता.

प्राणी आणि मनुष्य

या पद्धतीत एक मोठा धोका आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गॅलेन याने माकडे, डुकरे, बैल इत्यादींचे विच्छेदन करून विपुल लेखन केले. गुरांच्या व मेंढ्यांच्या मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचे एक सुंदर जाळे असते. ते मनुष्यातही आहे असे त्याने मानले आणि युरोपातील वैद्य सुमारे तेराशे वर्षे तसेच शिकत राहिले. मानवी शवांचे विच्छेदन करून १५४३ मध्ये वेसॅलियसने आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा गॅलेनच्या अशा अनेक चुका उघड झाल्या. गॅलेनने पाहिलेले खोटे नव्हते. ते कोणात पाहिले याचा भेद पुसला गेला होता.

म्हणून वहीच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर प्राण्याचे नाव लिहावे आणि अखेरीस ‘मनुष्यात असे आहे काय?’ हा प्रश्न मांडावा. बोकडाच्या पायात नळीलगतच्या मधल्या बंधापासून एक पट्टी निघून वरवरच्या कंडरेस मिळते. मानवी हातात अशी पट्टी नसते. बोकडाला दोनच मुख्य बोटे, आपल्याला पाच. या भेदांची उत्तरे मानवी शवाच्या किंवा अधिकृत ग्रंथाच्या आधारेच लिहावीत. संगणकावरील आभासी विच्छेदनाचाही येथे उपयोग होतो, मात्र तेही शास्त्राच्या, म्हणजे डाव्या पानाचेच साधन आहे. कारण त्यात दिसणारे कोणीतरी आधीच पाहून ठेवलेले असते.

औषधनिर्मात्यांसाठी

आमच्या वाचकांतील औषधनिर्मात्यांस ही शिस्त नवी वाटू नये. शेड्यूल टी अन्वये प्रत्येक घाणीची, म्हणजे बॅचची, नोंद त्यांना ठेवावी लागते. काढा किती वाजता उतरविला, किती शेष राहिला, तुपाची सिद्धिलक्षणे केव्हा दिसली, हे ज्याने पाहिले त्यानेच त्याच वेळी लिहावयाचे असते. मागील घाणीचा कागद समोर ठेवून नवीन कागद भरला जातो तेव्हा नोंद निर्दोष दिसते आणि औषधातील दोष मात्र रुग्णापर्यंत पोहोचतो. उतरविलेले जर्नल आणि उतरविलेला बॅचचा कागद एकाच जातीचे आहेत. दोन्हींत अक्षर सुवाच्य असते, सही असते आणि साक्षीदार कोणीच नसतो.

समारोप

१८३६ मध्ये कोलकात्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात मानवी शवच्छेदन करणारे पंडित मधुसूदन गुप्त हे मूळचे आयुर्वेदाचे अध्यापक होते. ग्रंथ जाणणारा हात टेबलापर्यंत जाऊ शकतो, हे त्यांनी त्या काळचा सामाजिक विरोध पत्करून दाखविले. आज आपणास तसा विरोध नाही. अध्यापकवर्गास आमची विनंती आहे की, रेखीव परंतु उतरविलेल्या वहीपेक्षा डाग पडलेल्या, अपुऱ्या परंतु प्रत्यक्ष पाहून लिहिलेल्या वहीस अधिक गुण द्यावेत. चिकित्सक बंधुभगिनींनी वर्षातून एकदा तरी एखादा पाया आणून, आपल्याकडील विद्यार्थ्यांसह तासभर बसावे. आणि सोंगणीच्या दिवसांत विळ्याने कापलेले बोट समोर आले की मधला सांधा सरळ धरून टोक वळते की नाही ते पाहावे. टोक वळले नाही, तर वरून मलमपट्टी करून त्याच दिवशी रुग्णास शल्यतज्ज्ञांकडे पाठवावे. आम्ही ते केले नव्हते. आता आमच्या दवाखान्यात टाक्यांच्या साहित्यावर ही परीक्षा लिहून लावली आहे.